दुसऱ्या दुधाबद्दल

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या दवाखान्यातल्या वर्गाला मी तिच्यासोबत गेले होते. जावई कामासाठी बाहेरगावी होते आणि एकटीने जोडप्यांमध्ये बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. शनिवारची सकाळ, एसीचा गारठा, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा फिनाईलचा वास. समोर समुपदेशक मुलगी कापडी बाहुली घेऊन उभी. मुलगी चांगली होती, हे आधीच सांगते. बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, ते तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीशी आणायचं, छाती बाळाकडे वाकवायची नाही. हे सगळं तिने इतक्या जीव लावून दाखवलं की शेजारचे एक गृहस्थ नकळत स्वतःचा हात तसा दुमडून बघत होते. शेवटी ती म्हणाली, काही प्रश्न? भाचीने हात वर केला. “दूध आलंच नाही, किंवा पुरलं नाही, तर पावडरचं दूध कसं द्यायचं? तेही सांगाल का?” खोलीत एकदम शांतता झाली. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. समुपदेशक मुलगी हसली, पण ते हसणं मघासारखं नव्हतं. “असा निगेटिव्ह विचार आत्तापासून करायचाच नाही. प्रत्येक आईला दूध येतंच. मनात शंका आणली की दुधावर परिणाम होतो.” आणि पुढची स्लाईड आली. दवाखान्यात येताना बॅगेत काय काय भरायचं, त्याची यादी.

भाची पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसली. परत येताना रिक्षात म्हणाली, “मावशी, मी काही वाईट विचारलं का गं?”

मी नाही म्हटलं. पण तिचा प्रश्न मनातून जाईना. ती हिशोबी, नीट विचार करणारी मुलगी आहे. पीसीओएसवर, म्हणजे पाळी आणि संप्रेरकांचं गणित बिघडवणाऱ्या विकारावर, वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन, बऱ्याच खेपा घालून तिला दिवस राहिलेत. अशा बायकांना कधीकधी दूध उशिरा किंवा कमी येतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं खरं की खोटं, खरं असेल तर काय करायचं, एवढंच तिला हवं होतं. तिला मिळाली ती एक समजूत, आणि समजुतीच्या आत गुंडाळलेला एक धाक: विचारलंस म्हणून दूध आटेल. घाबरलेल्या बाईचा पान्हा अडतो हे शरीरशास्त्राला धरून आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भीती कशाने वाढते? मध्यरात्री बाळ रडत असताना आपल्याला काहीच ठाऊक नाही, या जाणिवेने वाढते. त्या खोलीतल्या प्रत्येकीच्या भीतीत त्या दिवशी थोडी भर पडली, आणि ती घालणारी मुलगी मनापासून त्यांचं भलं चिंतत होती. मला त्रास झाला तो याचाच.

तिच्या गप्प बसण्याचा मला नुसता राग येत नाही, याला कारण माझी आत्या. आत्या ऊसपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून ती तिथे. सुट्टीत मी तिच्या क्वार्टरवर राहायला जायची. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा गोड-आंबूस वास भरून राहायचा, आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या खोपी रस्त्याकडेला उभ्या राहायच्या. बाळंतीण बाई फार दिवस खोपीत बसू शकत नसे. कोयता जोडीचा असतो, एकटा नवरा काय तोडणार? मग तान्हं पोर थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि तिच्या हातात बाटली. ती बाटली मला अजून आठवते. प्लास्टिक घासून घासून पांढुरकं झालेलं, रबरी बोंडाला आंबट वास, कडेला माश्या. आत जे असायचं ते दूध म्हणावं असं नसे. निळसर पाणी. डबा महाग, तो महिनाभर पुरवायचा म्हणून एका चमच्याचं काम अर्ध्यावर भागवलेलं. पाणी पाटाचं नाहीतर टँकरचं. आत्याच्या ओपीडीत अशी पोरं यायची तेव्हा त्यांची टाळू आत गेलेली असायची आणि रडायलाही आवाज नसायचा. ती वाटीत मीठ-साखर-पाणी कालवून चमच्या-चमच्याने पाजत बसायची आणि तोंडाने बोलत राहायची. “पोरगं सुकून चाललंय आणि म्हणत्यात कसं, डब्याचं दूध देतोय की!” द्रोणाचार्यांच्या घरी अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी दूध म्हणून पाजल्याची गोष्ट तिनेच मला त्या काळात सांगितली. सांगताना तिचा आवाज चढलेला होता, एवढं आठवतं.

हे फक्त एका तालुक्यात चाललेलं नव्हतं. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी रोटरी क्लबातल्या भाषणात, अशा दुधाच्या खोट्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना सरळ खून म्हणायला हवं, असं सांगितलं होतं. पुढेही कंपन्यांनी आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत नर्सचा गणवेश घातलेल्या विक्रेत्या बायका पाठवल्या. त्या फुकट डबा द्यायच्या. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं, आणि पुढचा डबा विकत. १९७४ साली लंडनच्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ संस्थेने यावर पुस्तिका काढली, १९७७ मध्ये अमेरिकेतून नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत विक्रीची आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे या लढ्यात वर्ध्याचं नाव आहे. १९९१ साली स्तनपानाच्या बाजूने काम करणारं डॉक्टर-कार्यकर्त्यांचं देशव्यापी जाळं, बीपीएनआय, वर्ध्यात उभं राहिलं. पुढच्याच वर्षी संसदेत कायदा झाला, ज्याला सगळे ‘आयएमएस ॲक्ट’ म्हणतात. १९९३च्या ऑगस्टपासून तो लागू आहे आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. पावडरच्या दुधाची जाहिरात करायची नाही, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टरांना भेटी द्यायच्या नाहीत. टीव्हीवर बिस्किटांपासून गाड्यांपर्यंत सगळं दिसतं आणि तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा दिसत नाही, तो यामुळे. आत्याच्या दृष्टीने तिच्या नोकरीच्या काळात झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. माझ्याही दृष्टीने.

म्हणजे त्या समुपदेशक मुलीच्या मौनामागे एक जुना राग आहे, आणि तो राग खरा आहे.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पावडरचं दूध कसं पाजायचं हे आईला किंवा घरच्यांना आरोग्य कर्मचाऱ्याशिवाय कुणीही दाखवायचं नाही, आणि जो दाखवेल त्याने चुकीच्या वापराचे धोकेही स्पष्ट सांगायचे. मी हे वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. कायद्याने कंपनीला दाराबाहेर काढलं आणि शिकवण्याचं काम नर्सच्या, डॉक्टरच्या, समुपदेशकाच्या हाती सोपवलं. दुसऱ्या कुणालाच नाही. मग त्यांनीच तोंड मिटलं तर त्या आईला रीतसर सांगणारं जगात कुणी उरतच नाही. मनाई जाहिरातीला आहे, उत्तराला नाही. त्या वर्गात या दोन गोष्टींची गल्लत झाली, आणि मला वाटतं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होते.

माझ्या थोरलीच्या वेळची गोष्ट. सिझर झालं होतं, माहेरी आले होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, दूध यावं म्हणून जे जे म्हणून असतं ते सगळं आई समोर आणून ठेवत होती. अंगावर घेतलं की पोर दोन-चार वेळा चोखायची, तोंड बाजूला करून किंचाळायची, मग दमून झोपायची. ती शांत झोपली म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटायचं. ती भुकेने गळून झोपतेय हे ओळखलं आत्याने. ती बारशाच्या तयारीसाठी म्हणून आली होती. आल्या आल्या तिने लंगोट किती ओले होतात ते विचारलं, पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, आणि लगेच आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. वजन उतरलं होतं. जन्मानंतरच्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, पण दहाव्या हिश्श्याच्या पुढे गेलं की काळजीचं. डॉक्टर म्हणाले, दूध वाढेपर्यंत वरून द्या, आणि चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहिलं. कसं द्यायचं ते कुणी बोललं नाही. बाहेर रांग होती.

त्या संध्याकाळी आत्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. जिने आयुष्यभर बाटल्या जप्त करून कचऱ्यात टाकल्या, तिने माझ्या भावाने आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि मला स्टुलावर बसवलं. आधी साबणाने हात, कोपरापर्यंत. वाटी, चमचा आणि माझ्या आजीच्या काळातलं चांदीचं बोंडलं एका पातेल्यात खळखळ उकळलं. पाणी वेगळं उकळलं. “पाणी आधी, पावडर मागनं. उलटं केलंस की माप चुकतं.” डब्यातला चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट केला. दाबून भरायचा नाही, शीग ठेवायची नाही. “कमी घातलंस तर पोर उपाशी राहतंय, जास्त घातलंस तर मूत्रपिंडावर ताण येतोय. बाळाला बाळसं यावं म्हणून एक चमचा जास्त घालणाऱ्या आज्या बघितल्यात मी.” मग वाटी गार पाण्यात धरून, मनगटावर थेंब टाकून, माझ्या मांडीवर पोरीला जरा उभट धरून बोंडल्याच्या चोचीने ओठांच्या कडेला थेंब थेंब. आधी अंगावर पाजायचं, मगच हे. उरलं तर ओतून द्यायचं, पुन्हा तापवायचं नाही. आणि दर वेळी, पोर प्यायली की हाताने दूध काढायला लावायची, थेंब आले तरी चालतील म्हणायची. काही दिवसांत पान्हा फुटला आणि डबा अर्धा तसाच राहिला. आईने तो फडताळात मागे सरकवला. बारशाला आलेल्या बायकांना कुणी काही सांगितलं नाही. आत्याने मलाही बजावलं होतं, “हे बाहेर बोलू नकोस. एकीचं ऐकून दहा जणी डबे आणतील.”

पावडरच्या दुधाची सगळ्यात कडवी विरोधक असलेली ही बाई ते दूध सगळ्यात चांगलं करायला जाणत होती. मला मिळालं ते रक्ताच्या नात्यामुळे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला आत्या नव्हती.

आपण बोललो नाही म्हणून डबा घरात यायचा थांबतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, देशभरात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्के निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा चांगलाच वाढलाय, आणि त्यामागे आशाताईंची, अंगणवाडीताईंची पायपीट आहे. तरीही शंभरातल्या पस्तीसहून जास्त बाळांच्या तोंडात दुसरं काहीतरी जातंच आहे. कुठे पाणी, कुठे मध, कुठे पाणी घातलेलं गाईचं दूध, कुठे पावडर. त्याच पाहणीत जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. ज्या छताखाली सगळं शिकवता आलं असतं तिथेच पहिला तास निसटतोय. आणि मग पहिल्या काही रात्रींतली एखादी रात्र उजाडते. खरं तर ती उजाडतच नाही. बाळ सारखं रडतंय, आईचे टाके ओढतायत, सासूबाई म्हणतायत पोट भरत नाही पोराचं, आणि बाबा चपला घालून कोपऱ्यावरच्या रात्रभर उघड्या असणाऱ्या मेडिकलमध्ये जातोय. “तान्ह्या बाळासाठी दूध द्या.” काउंटरवरचा मुलगा विचारतो, कुठलं? याला कुठलंच माहीत नाही. तो मुलगा एक डबा पुढे करतो. घरी येऊन बाबा मोबाईलच्या उजेडात डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचतो. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की आईचं दूधच सर्वोत्तम. कायद्याने ते तिथे असायलाच हवं, मला मान्य आहे. पण त्या घटकेला ते वाक्य वाचणाऱ्या माणसाला पुढे काय करायचं ते सांगणारं कुणीच नसतं. तो अंदाजाने चमचा घालतो. पिण्याचं पाणी फिल्टरचं आहे म्हणून उकळत नाही. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि ते मारायला निदान ७० अंश तापलेलं पाणी लागतं, म्हणजे उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरलेलं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच लिहून ठेवलंय. त्याच्यापर्यंत ते कोण पोचवणार होतं?

या सगळ्यात मला नेहमी हिरकणी आठवते. आपल्या प्रत्येकाच्या शाळेच्या पुस्तकात ती होती. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं वाट बघतंय, म्हणून रायगडाचा कडा उतरून गेलेली. आता एसटी स्टँडवर तिच्या नावाचे हिरकणी कक्ष असतात, आणि ते असावेत, आणखी चांगले असावेत. अशाच एका कक्षात मी एका बाईला थर्मासमधलं पाणी वाटीत ओतून पावडर कालवताना पाहिलं होतं. बाकावर दुसरी एक बाळाला पाजत होती. पहिलीने आधी दाराकडे तोंड करून बसून घेतलं, पदर पुढे ओढला, आणि पाजणारी जसं लपून पाजते तसं ती वाटी लपवून देत होती. कुणी तिला काही बोललं नव्हतं. कड्याची गोष्ट आपल्या इतकी आत गेलीय की जिला कडा उतरता आला नाही तिने काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि न उतरता येण्याची कारणं किती साधी असतात. वार आत राहून गेली, दूध लांबलं. कुणाची जुनी शस्त्रक्रिया. कुणाच्या स्तनात दुधाच्या ग्रंथीच पुरेशा नाहीत. कुणाची केमो सुरू आहे. क्वचित एखाद्या बाळालाच गॅलॅक्टोसेमियासारखा आजार असतो, त्याला आईचं दूधच चालत नाही, आणि डब्यातलं नेहमीचंही नाही. शिवाय जे जोडपं मूल दत्तक घेणार आहे तेही होऊ घातलेले आईबाबाच असतात. त्यांना अशा वर्गाला कुणी बोलावत नाही.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध पाश्चराइझ करून दुसरीच्या अशक्त बाळाला. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण त्यात दूध नसलेल्या आईला कमी लेखलेलं नाही. तिच्या बाळाला भूक लागलीय, एवढं धरून पुढे काय ते शोधलं. पण पेढ्यांतलं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी असतं आणि त्यांनाही पुरत नाही. घरी गेलेल्या बाळासाठी उरतो तो डबा.

मी हे आत्याशी बोलले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, कराडला मुलाकडे असते, ऐकायला कमी येतं पण वादाला अजून पक्की. भाचीची हकीगत सांगितल्यावर तिने पहिल्यांदा त्या समुपदेशक मुलीची बाजू घेतली. तिचं म्हणणं, सगळ्यांसमोर डब्याचं दाखवायचं नाही हा नियमच आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. ते खरंच आहे. १९८१च्या आचारसंहितेत लिहिलंय की ज्या आईला गरज आहे तिलाच दाखवावं. वीस जणींना एकदम दाखवलं तर ज्या पाच जणींना पहिल्या आठवड्यात शंका येणार, त्या पाचही जणी डबा उघडणार. डब्याने पोट भरलं की बाळ कमी चोखतं, कमी चोखलं की दूध कमी तयार होतं, मग खरंच पुरत नाही. कंपन्यांनी याच चाकावर पैसा केला. “तू म्हणतीस माहिती,” आत्या म्हणाली, “त्येंनी पण माहितीच म्हणून दिलं होतं. पांढरे कपडे घालून.”

याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. आजही कंपन्या डॉक्टरांच्या परिषदांत, मोबाईलवरच्या आईपणाच्या गटांत, वाट शोधत असतातच. पण म्हणूनच मला वाटतं की सांगणारा कोण आणि कसं, हे ठरवून टाकावं, विषय बंद करू नये. माझ्या मावसभावाची सून ब्रिटनमध्ये बाळंत झाली. तिथे सहा महिन्यांखालच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि तरीही सरकारी आरोग्य सेवेची बाटलीने पाजण्यावरची पुस्तिका आहे. कुठल्याही कंपनीचं नाव नाही. उलट त्यांची आरोग्य सेवा स्पष्ट सांगते की पहिल्या वयाची सगळी दुधं कायद्याने ठरलेल्या पोषणाचीच असतात, महाग डब्याने बाळ जास्त निरोगी होत नाही. या एका वाक्याने किती घरांचे पैसे वाचत असतील. तिला ते कुणी गुपचूप सांगितलं नाही, कुणी लाजही काढली नाही. आणि ती बाळाला वर्षभर अंगावर पाजतेय. डब्याबद्दल वाचलं म्हणून तिने डबा आणला नाही.

भाचीला त्या दिवशी उत्तर देता आलं असतं. “वर्ग संपल्यावर थांब, तुझ्याशी बोलते,” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग बाजूला घेऊन सांगायचं की पीसीओएस असलेल्या बहुतेकींना दूध येतं, काहींना उशीर लागतो, म्हणून तुझ्या बाळाचं वजन आम्ही जास्त लक्षपूर्वक बघू. चीक चमचाभरच येतो आणि पहिल्या दिवशी तेवढाच लागतो, पोट छोटंसं असतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट भिजले पाहिजेत. नुसतं रडणं म्हणजे भूक नव्हे, आणि नुसती झोप म्हणजे पोट भरलं असंही नव्हे. अमुक झालं तर आधी आमच्याकडे ये, मेडिकलमध्ये जाऊ नकोस. आणि डॉक्टरांनी वरचं द्यायला सांगितलंच तर बाटली नाही, वाटी-चमचा किंवा बोंडलं. बहुतेक डब्यांवर ३० मिलीलीटर पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, पण आपल्या डब्यावरचं वाचायचं, आणि चमचा त्याच डब्यातला वापरायचा. केलेलं दूध दोन तासांच्या पुढे ठेवायचं नाही. हे नवऱ्यालाही सांगायचं, कारण रात्री पाणी उकळायला बहुधा तोच उठणार आहे. या बोलण्यात घाबरवण्यासारखं काय आहे? मला तर यातली बरीचशी वाक्यं स्तनपान टिकवणारीच वाटतात. लंगोट मोजायला शिकलेली आई पहिल्या रडण्याला डब्याकडे धावत नाही.

आणि प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं ते माता-बाल संरक्षण कार्ड असतं, लसींच्या तारखांचं. त्यात याचं एक पान हवं. मराठीत, मोठ्या अक्षरात, कंपनीच्या नावाशिवाय, डब्याच्या चित्राशिवाय. ऊसतोडणीला आलेल्या बाईच्या हातातही ते असेल. तिच्या खोपीत स्वच्छ पाणी नाही, सरपण मोजकं आहे. तिच्यासाठी त्या पानावर सगळ्यात मोठं अक्षर कशाचं असावं हे आत्याला विचारून ठरवावं, मी ठरवू नये, हे मला कळतं. तिथे खरी गरज पानाची नाहीच, बाळंतिणीला काही महिने कोयत्यापासून सुट्टी आणि हातात पैसे देण्याची आहे. ती मिळेपर्यंत मात्र अर्ध्या चमच्याचं निळं पाणी पाजलं जातंच राहणार, आणि ते अर्ध्या चमच्याचं का नसावं हेही कुणीतरी सांगायलाच हवं.

आत्याने पानाला हो म्हटलं, पण अट घातली. आधी प्रत्येक वॉर्डात रात्रीची एक सिस्टर अशी हवी की जी बाळंतिणीजवळ बसून बाळाला अंगावर धरायला लावेल, घाई न करता, पुन्हा पुन्हा. “निम्म्याहून जास्त बायांचं दूध कमी नसतंय, पोराला नीट धरता येत नसतंय. ते आधी शिकवा. मग उरलेल्या वेळात तुमच्या डब्याचं सांगा.” क्रम मला मान्य आहे. उरलेल्या वेळात, हे मान्य नाही. रात्रपाळीला एकटी असलेल्या सिस्टरकडे कधीच काही वेळ उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डब्याबद्दलच्या बोलण्याला आठव्या महिन्याच्या तपासणीत ठरलेली दहा मिनिटं द्यावीत असं मी म्हणते. ती म्हणते बाळंतपणानंतर, गरज पडल्यावर, आणि जिला गरज आहे तिलाच. मागच्या रविवारी फोनवर आम्ही यावरच अडलो होतो, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथूनच सुरू करणार आहे.